चालू बेकरी घेतली, विक्रीचे आकडे खोटे निघाले. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. सांगलीत विश्रामबागला आम्ही दोघा भावांनी चालू बेकरी विकत घेतली. आधीच्या मालकांनी महिन्याला चार लाखांची विक्री सांगितली, वही दाखवली, दोन होस्टेलच्या पावाची ऑर्डर कायम असल्याचं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहूनही दिलं. त्या भरवशावर भट्टी-मिक्सरच्या किमतीवर गुडविलचे, म्हणजे बेकरीच्या नावाचे आणि बांधलेल्या गिऱ्हाइकांचे, सहा लाख वेगळे ठरले. ताबा घेतल्यावर कळलं, होस्टेलचं काम सौद्याआधीच सुटलं होतं. जुनी जीएसटी रिटर्न हाती आली, त्यात विक्री निम्मीही नाही. हे धंद्यातलं कमी-जास्त नव्हे, माहीत असून लपवलेलं आहे.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७ ते १९ प्रमाणे फसवून घेतलेल्या संमतीचा करार रद्द करता येतो. पण आमच्या नोटरी करारनाम्यात 'खरेदीदाराने सर्व पाहून घेतले आहे' असं वाक्य आहे. ते आडवं येईल का? बेकरी चालू ठेवली तर व्यवहार मान्य केला असं धरतील का? कामगार जुने आहेत, त्यांच्या पोटावर पाय देऊन भट्टी बंद करणं आम्हाला पटत नाही. मग करार ठेवून भरपाईच मागावी?

सर्वांत घाईचं म्हणजे गुडविलपैकी दीड लाखाचा पुढच्या तारखेचा चेक त्यांच्याकडे आहे. तो थांबवला तर चेक न वटल्याबद्दलची कलम १३८ ची केस आमच्यावरच येईल का? असे दिवाणी दावे चालवलेले सांगलीतले वकील माहीत असतील तर कृपया कळवा.