'हौशी' म्हणजे कच्चा असे कोणी ठरवले?

प्रश्न (लक्ष्मीनगरवासी) :
आमचे नाट्यमंडळ राज्य हौशी मराठी नाट्य स्पर्धेत नागपूर केंद्रावर प्रयोग करते. यंदा माहितीपत्रक मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत छापायचे ठरले, तेव्हा प्रकाशयोजना सांभाळणाऱ्या आमच्या हिंदीभाषक मित्राने 'हौशी' या शब्दावर बोट ठेवून, हा 'हवस'वरूनच आला ना, असे विचारले. तालमीत हशा पिकला, पण उत्तर कोणालाच देता आले नाही. शिवाय मंडळातील एका ज्येष्ठांना हा शब्द मुळातच कमीपणाचा वाटतो. तो तसा आहे काय? आणि इंग्रजीतील 'अमॅच्युअर', 'नॉव्हिस' व 'लेमन' (layman) यांना मराठीत वेगवेगळे शब्द कोणते?

प्रतिसाद (धंतोलीकर) :
आपल्या मित्राला नाते बरोबर दिसले. दोन्ही शब्द अरबी 'हवस'पासून फारसीमार्गे आले. परंतु हिंदीत तो वासनेकडे झुकला, तर मराठीत तो लेकीच्या डोहाळजेवणापर्यंत आणि दिवाळीच्या खरेदीपर्यंत येऊन सोज्ज्वळ झाला. जत्रेतल्या हौशा-नवशा-गवशांत पहिला मान हौशाचाच असतो, तो काही उगाच नव्हे. म्हणूनच 'हौशी' हा शब्द माणसाचा हेतू सांगतो, त्याचे कसब किती हे सांगत नाही. रात्र रात्र गच्चीवर दुर्बीण लावून रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणाऱ्या, ताऱ्यांची तेजस्विता टिपणारा निरीक्षक हौशीच असतो, आणि त्याच्या नोंदी व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञ संशोधनात वापरतात. 'अमॅच्युअर' हाही लॅटिनमधील 'अमातोर', म्हणजे प्रेम करणारा, या शब्दापासून फ्रेंचमार्गे आला. कच्चेपणाचा अर्थ त्याला मागाहून चिकटला आणि तो आपण इंग्रजीबरोबर उसना घेतला, असे माझे मत आहे. हिंदी मजकुरात मात्र 'शौकिया' छापावे.

प्रतिसाद (निवृत्त शिक्षिका, महाल) :
कच्चेपणाच सांगायचा असेल, तर 'नवशिका' आहे, 'शिकाऊ' आहे, आणि आमच्या वाड्यातली मुले ज्याला खेळात घेत पण ज्याच्यावर राज्य येऊ देत नसत, तो 'कच्चा लिंबू'ही आहे. यांतला 'शिकणे' मला फार आवडतो. संस्कृतातील 'शिक्ष्' हे 'शक्' धातूचे इच्छार्थक रूप आहे. शक् म्हणजे समर्थ असणे, तेव्हा शिकणारा तो, ज्याला समर्थ व्हायचे आहे. 'उमेदवार'चीही गोष्ट अशीच आहे. फारसी 'उमेद' म्हणजे आशा, आणि पूर्वी कचेरीत नोकरीच्या आशेने राबणाऱ्यास उमेदवार म्हणत. निवडणुकीतील उमेदवार आणि कारखान्यातील शिकाऊ उमेदवार हे दोघेही आशेवरच जगतात, एवढे साम्य आजही उरले आहे.

प्रतिसाद (ग्रंथालयातला एक) :
'लेमन' राहिलाच. ग्रीक 'लाओस' म्हणजे लोक. त्यावरून जो ख्रिस्ती धर्मगुरू नाही, तो 'लेमन'. या मूळ अर्थाला जवळचा शब्द नागपुरात शोधावा लागत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर ज्या लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली, ते भिक्खू झाले नाहीत, तर 'उपासक' झाले, आणि 'उपासक' या शब्दाचा धात्वर्थ आहे जवळ बसणारा. तज्ज्ञ नसलेला या आजच्या अर्थाने मात्र 'उपासक' चालणार नाही. तिथे 'सामान्य वाचक', 'सामान्य प्रेक्षक' असे प्रसंगानुरूप लिहावे. (कृपया 'तज्ज्ञ' शब्दात 'ज्ज्ञ' लिहावे. तो 'तत्' आणि 'ज्ञ' मिळून झाला आहे.) आणि थोडे वाचून पुष्कळ बोलणाऱ्यासाठी 'पल्लवग्राही' हा नेमका शब्द आहे, खोडाला हात न लावता जो नुसती पालवी ओरबाडतो, तो.

लक्ष्मीनगरवासी :
सर्वांचे आभार. ज्येष्ठांना 'अमातोर' सांगितले, तेव्हा ते विरघळले. प्रकाशयोजनेवरच्या मित्राने मात्र 'शौक' हाही अरबीच असल्याचे शोधून काढले आहे आणि आता तो पत्रकातील उरलेले शब्द तपासत बसला आहे. छपाई त्यामुळे दोन दिवस लांबली.