गरवायला कोण कोण येतंय?

ए-२०३: मंडळी, अंजर्ल्याला एक होडीवाला मिळालाय, तीन तास खाडीत आणि किनाऱ्याच्या आसपास फिरवतो, गळ दोरी कोळंबी सगळं त्याचंच, पोरांना मासे धरायला शिकवतो. येत्या शनिवारी सकाळी ९ ची सांगू का? शुक्रवारी ऑफिस सुटलं की ताम्हिणीतून निघू

सी-५०१: आम्ही ४ 🙋‍♀️

बी-१०४: लहान मुलांच्या मापाची लाइफ जॅकेटं आहेत का विचार. मोठ्यांची घातली तर पाण्यात डोक्यावरून निघून जातात. आधी फोटो मागव

ए-७०२: थांबा रे, शनिवारी संकष्टी आहे

सी-५०१: काका धरून सोडून देऊ ना, खायचे नाहीत 😄

ए-७०२: उपासाचं कोण बोलतंय, भरतीचं म्हणतोय मी. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, चतुर्थीला ४ ची पाऊणपट ३, म्हणजे ३ वाजता पूर्ण भरती म्हणजे सकाळी ९ ला ठणठणीत ओहोटी. मागच्या वर्षी आम्ही ११ जण अश्शीच वेळ घेऊन गेलो, बुकिंग घेणाऱ्याने चकार शब्द काढला नाही, खाडीच्या तोंडाशी होडी वाळूत बसली ती साडेअकराला हलली, तोवर पोरांनी डबे संपवले. आणि मिळालं काय तर वीतभर शेंगटी! तीही मी हौसेने गळातून सोडवायला गेलो, पाठीवर एक आणि दोन बाजूंना दोन काटे असतात विषारी, अंगठ्यात घुसला, कोपरापर्यंत ठणका. तांडेलाने, म्हणजे होडी चालवणाऱ्याने, चहाला ठेवलेल्या पाण्यात हात बुडवायला लावला, सोसेल इतकं गरम, तेव्हा कुठे उतरलं. चहा कोणीच प्यायला नाही त्या दिवशी

बी-१०४: गरम पाणी बरोबर आहे, ते विष उष्णतेने मोडतं. पण काटा आत राहिलाय का बघायचं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं. घेतलं होतं का काका??

ए-७०२: 🙏

ए-२०३: बरं मग जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आधी?

ए-७०२: जून विसर, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, माशांच्या विणीचे दिवस असतात. त्यापेक्षा पुढचा शनिवार बघ, एकादशी, भरती सव्वाआठला. साडेसहाला निघालो की चढतं पाणी मिळतं, त्याच्याबरोबर मासा खाडीत आत येतो. पाणीही फार ओढीचं नसतं, उधाणात नवख्याचं दोरीला वजनासाठी बांधलेलं शिसं तळाला टिकत नाही, दोरी नुसती वाहत जाते

सी-५०१: एकादशीला मासे?? सासूबाई मला घरात घेणार नाहीत

ए-७०२: मग रविवारी द्वादशी, भरती ९ ला. शनिवारी कड्यावरचा गणपती करा, साबुदाणा खा, रविवारी ७ ला होडीत. आणि पोरांना आत्ताच सांगून ठेवा, दोरीला टकटक लागली की ओढायचं नाही, बारके मासे कोळंबी कुरतडत असतात. दोरी जड होऊन बोटावरून सरकायला लागली की मनगटाने एकच झटका

डी-३०६: रविवारी परतताना ताम्हिणीत किती ट्रॅफिक असतं कल्पना आहे का कोणाला

ए-२०३: फोन केला, रविवार ७ पक्कं. तो म्हणतो मीच विचारणार होतो ९ ला येऊन करणार काय तुम्ही 😂 लहान जॅकेटं ५ आहेत, फोटो टाकतो

सी-५०१: शेंगटी आली तर ए-७०२ काका काढणार 🤣

ए-७०२: स्टोव्ह आहे का विचार त्याच्याकडे