मदत हवी आहे: हॉलसाठी निळसर राखाडी रंग, दिवसा छान आणि रात्री हिरवट!

ओसरी:
पुण्यातला फ्लॅट, तिसरा मजला. हॉल १० बाय १४ फूट, उंची साडेनऊ. खिडकी एकच (५ बाय ४), उत्तरेला. खाली क्रीम व्हिट्रिफाइड टाइल्स, सोफा सागवानी. भिंती सध्या क्रीम आहेत, त्यावर धुरकट निळसर राखाडीचा दोन बाय दोन फुटांचा नमुना दोन हात मारून घेतलाय. सकाळी शांत वाटतो. रात्री पांढऱ्या ट्यूबखाली दवाखाना, आणि कोपऱ्यातला पिवळा दिवा लावला की चक्क हिरवट. शेड बदलू का? की एकाच भिंतीला लावू? रंग किती लिटर लागेल? रंगारी म्हणतात प्रायमरची गरज नाही, जुना रंग चांगला आहे. खरं आहे का?

उजेडवाला:
शेड बदलण्याआधी दिवे बदला, स्वस्तात पडतं. पांढरी ट्यूब बहुधा ६५०० केल्विनची असणार आणि पिवळा दिवा ३००० चा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप: आकडा मोठा तेवढा उजेड निळसर, लहान तेवढा पिवळा). उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन फारसं येत नाही, तो उजेड मुळातच थंड असतो. त्यात ६५०० ची भर पडली की राखाडीतला निळा तेवढा उठून येतो. पिवळ्या दिव्यात उलट होतं. त्याच्या उजेडात निळा भाग कमी, त्यामुळे शेडमध्ये थोडा जरी हिरवा असेल तरी तोच वर येतो. ४००० केल्विनचे दिवे घ्या, सीआरआय (दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा) ९० च्या आसपासचा. हॉलमधले सगळे दिवे एकाच जातीचे असू द्या.

आणि तो नमुना क्रीमवर मारलाय ना? तिथेच डोळा फसतो. आजूबाजूला पिवळसर रंग असला की राखाडी आहे त्यापेक्षा जास्त निळी दिसते. जाड पांढऱ्या कार्डशीटवर दोन हात मारा, कडेला चार बोटं पांढरं सोडा. वाळल्यावरच बघा, इमल्शन (भिंतीचा पाण्यात कालवायचा रंग) वाळलं की थोडं गडद होतं. मग ते कार्ड उभं धरून चारही भिंतींवर फिरवा: सकाळी, दुपारी तीनला आणि रात्री दिव्यात. एकदा टाइलला टेकवूनही बघा.

शेडकार्डची एक खूण: त्याच पट्टीतला सगळ्यात गडद चौकोन बघायचा. फिक्या शेडमध्ये लपलेला हिरवा किंवा जांभळा तिथे उघडा पडतो. तुम्हाला किंचित जांभळ्याकडे झुकणारी पट्टी चालेल, पिवळ्या दिव्यात ती राखाडीच राहते. चारही भिंतींना लावणार असाल तर कार्डावर आवडलेल्या शेडपेक्षा एक पायरी फिकी घ्या. भिंती एकमेकींवर रंग टाकतात.

कोपरा_रिकामा:
एकाच भिंतीला लावा की. बाकी तीन क्रीम राहू द्या, काम निम्मं.

उजेडवाला:
क्रीमशेजारी हीच शेड आणखी निळी दिसेल आणि क्रीम मळकं. एकच भिंत करायची तर उरलेल्या तिघींना पिवळेपणा नसलेला पांढरा हवा, म्हणजे सगळं रंगवणं आलंच. मग काम निम्मं कुठे?

घासपेपर:
हिशोब: भिंतींचा घेर ४८ फूट × ९.५ = ४५६ चौरस फूट. दार २१, खिडकी २० वजा. उरले ४१५. चांगलं इमल्शन दोन हातांत लिटरला साधारण १३० चौरस फूट जातं, म्हणजे सव्वातीन लिटर. ४ लिटरचा डबा घ्या, उरलेला रंग टचअपला ठेवा. एक-एक लिटरचे चार आणू नका. दुकानातल्या रंग मिसळायच्या मशीनवर प्रत्येक वेळी बारीक फरक पडतो आणि राखाडीत तो लगेच दिसतो. आणलेच तर सगळे एका बादलीत एकत्र करा. शेडचा कोड, बेस (ज्या मूळ पांढऱ्या डब्यात शेड मिसळली तो) आणि तारीख झाकणावर लिहून ठेवा.

प्रायमरचं: कोरड्या भिंतीवर तळहात घासा. भुकटी लागली तर बहुधा डिस्टेंपर (खडूसारखा सुटणारा स्वस्त रंग) आहे, तो खरवडलाच पाहिजे. नाहीतर नवा रंग त्याला घेऊन पापुद्र्यांनी सुटेल. भुकटी नसेल तर २२० च्या पॉलिश पेपरने घासा, खड्डे पुट्टीने भरा, पुन्हा घासा आणि पूर्ण भिंतीला पाण्याच्या प्रायमरचा एक हात द्या. फक्त पुट्टीच्या जागी नाही. पुट्टी रंग पिते, तिथे ठिपका मंद दिसतो. क्रीममध्ये हे खपून जातं, या रंगात नाही.

प्रायमरच्या आधी रात्री मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरा. प्रत्येक उंचवट्याची सावली पडते, तिथे पेन्सिलने गोल करा. खिडकीचा तिरका उजेड रोज हेच करणार आहे. म्हणूनच फिनिश मॅट घ्या, चकाकी नको.

रोलरचे पट्टे टाळायचे तर चारही भिंतींच्या कडा आधी ब्रशने कापून (रंगवून) ठेवायच्या नाहीत. एका भिंतीच्या कडा कापा आणि ओल्या असतानाच ती भिंत पूर्ण करा. पाणी डब्यावर छापलंय तेवढंच. दोन हातांत किमान चार तास, पावसाळी हवेत त्याहून जास्त.

ओसरी:
तळहाताला भुकटी लागत नाही. पण खिडकीखाली फूटभर जागेत पुट्टी फुगलीये आणि पांढरी पावडर येतेय. तिथेही प्रायमर मारून चालेल?

घासपेपर:
नाही, ती ओल आहे. पावडर म्हणजे पाण्याबरोबर आलेले क्षार, निळसर राखाडीवर ते मिठासारखे दिसतील. दीड फुटी प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेप लावून एक दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरून खिडकीच्या चौकटीचा सांधा आणि सिलचा (खिडकीखालच्या पट्टीचा) उतार बघा. तो दुरुस्त करून जागा पूर्ण वाळेपर्यंत तेवढी भिंत राहू द्या.

ओसरी:
आणि छत? सोफा?

उजेडवाला:
छताला क्रीमकडे झुकणारा ऑफव्हाइट नको, या रंगाशेजारी तो कळकट दिसतो. दुकानात त्याच शेडचा पाव टिंट (पांढऱ्यात शेडचा रंग एक चतुर्थांशच) मागा, कड टोचत नाही. सोफा मात्र नशीब समजा: सागाचा नारिंगीपणा निळ्याच्या बरोबर समोरचा, दोघंही उठतात. टाइल्सचा पिवळेपणा तागाच्या गालिच्याने झाका. उशांना मोहरी किंवा डाळिंबी खण, जवळ एखादी पितळी समई. राखाडी पडदे कृपया नको.

घासपेपर:
स्विचबोर्डच्या प्लेटा मेन बंद करून काढायला लावा, टेप लावून भागवू देऊ नका. पुढे प्लेट बदलली की जुन्या क्रीमची चौकट तिथे उघडी पडते.