होमिओबॉक्स जनुकं कुठे चालू आहेत, एवढ्यावरून चेतापेशीचं भवितव्य सांगता येतं का?

भ्रूणवेध
माझं मत: सांगता येतं. उंदराच्या भ्रूणात कोणत्या पेशीत कोणती होमिओबॉक्स जनुकं चालू आहेत याचा बारीक नकाशा असेल, तर ती पेशी पुढे कोण होणार हे बहुतांशी ठरलेलं असतं. या जनुकांमधला १८० बेसजोड्यांचा तुकडा ६० अमिनो आम्लांचा भाग घडवतो. तो भाग डीएनएला चिकटतो आणि इतर जनुकं चालू-बंद करतो. होमिओबॉक्स जनुकांचंच एक कुटुंब म्हणजे हॉक्स; उंदरात ३९ हॉक्स जनुकं चार गुणसूत्रांवर गटागटानं आहेत. गुणसूत्रावर ज्या क्रमानं ती बसली आहेत, त्याच क्रमानं डोक्याकडून शेपटीकडे त्यांच्या सीमा पडतात. मज्जारज्जूत पुढच्या पायांच्या पातळीला हॉक्स६ (आकडा म्हणजे गुणसूत्रावरच्या क्रमातली जागा), छातीला हॉक्स९, मागच्या पायांना हॉक्स१०. हॉक्स-सी९ काढलं की छातीच्या पातळीवरच्या चालक (स्नायू हलवणाऱ्या) चेतापेशी पायांच्या स्नायूंकडे जाणाऱ्या पेशींचे गुण घेतात. आणखी काय हवं?

पश्चमेंदू
हॉक्स-सी९चं तुम्ही जे सांगितलंत तो नकाशाचा पुरावा नाही, जनुक काढून टाकल्याचा आहे. मला नेमकं हेच म्हणायचं आहे. अभिव्यक्ती, म्हणजे जनुक चालू असणं, हा नुसता हजेरीपट. वर्गात कोण होतं ते कळतं, काम कोणी केलं ते नाही.

एन्ग्रेल्ड-१ आणि एन्ग्रेल्ड-२ ही दोन होमिओबॉक्स जनुकं घ्या. मध्यमेंदू आणि पश्चमेंदूच्या सांध्यावर दोन्ही चालू असतात. पहिलं काढलं तर मध्यमेंदूचा आणि अनुमस्तिष्काचा मोठा भाग तयारच होत नाही, पिल्लू जन्मताच दगावतं. दुसरं काढलं तर उंदीर जगतो, अनुमस्तिष्क थोडं लहान राहतं आणि त्याच्या घड्या बदलतात. नकाशात शेजारी बसलेली दोन जनुकं, परिणाम इतके वेगळे!

भ्रूणवेध
मग पुढचं पण सांगा. १९९५मध्ये एन्ग्रेल्ड-१च्या जागी एन्ग्रेल्ड-२चा क्रम बसवला, तेव्हा मेंदूतला दोष भरून निघाला. म्हणजे प्रथिनं एकमेकांचं काम करू शकतात. फरक पडतो तो कधी आणि कुठे चालू झालं याचा. पहिलं आधी चालू होतं. हा युक्तिवाद नकाशाच्याच बाजूचा आहे.

पश्चमेंदू
'कधी' हा शब्द तुम्हीच आणलात ते बरं झालं. हॉक्स-ए१ भ्रूणाच्या साधारण साडेसातव्या दिवशी होऊ घातलेल्या पश्चमेंदूत चालू होतं आणि दिवसभरातच तिथून मागे सरतं. दहाव्या दिवशी पाहिलंत तर त्या भागात ते दिसणारच नाही. तरी ते नसलेल्या पिल्लांत चौथा-पाचवा ऱ्हॉम्बोमिअर (पश्चमेंदूचा एकामागे एक असलेला खंड) बिघडतो आणि पिल्लं जन्मानंतर लवकरच मरतात. एका दिवसाचा नकाशा घेऊन बसणाऱ्याला हे जनुक सापडणारच नाही.

आरएनएवाला
दोघांनी एक धागा सोडला. हॉक्स-ए१ जाताना हॉक्स-बी१ चालू करून जातं, आणि हॉक्स-बी१चं प्रथिन स्वतःच्याच नियामक भागाला चिकटून चौथ्या ऱ्हॉम्बोमिअरमध्ये ते चालू ठेवतं. म्हणजे गेलेल्या जनुकाचा ठसा नंतरच्या चित्रात उरतो. हॉक्स-बी१ काढलं तर चौथा ऱ्हॉम्बोमिअर नाहीसा होत नाही, पण दुसऱ्या क्रमांकाच्या ऱ्हॉम्बोमिअरसारखा वागायला लागतो; चेहऱ्याच्या चालक चेतापेशींनी मागे सरकायचं असतं, त्या सरकत नाहीत. माणसातही हॉक्स-बी१मधल्या बदलांमुळे जन्मजात चेहऱ्याचा लकवा होतो.

मात्र 'इन सिटू'च्या, म्हणजे जनुक कुठे चालू आहे ते ऊतीतच रंगवून दाखवणाऱ्या चाचणीच्या, काचेवर आपण आरएनए बघतो, प्रथिन नाही. तेवढ्यावरून बोलताना जपून.

भ्रूणवेध
ठसा उरतो, हेच माझं म्हणणं. शिवाय १९९२चा रेटिनॉइक आम्लाचा (अ जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या रेणूचा) प्रयोग आहे. भ्रूणांना ते ठरावीक वेळी दिलं की हॉक्स जनुकांच्या सीमा पुढे सरकतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या ऱ्हॉम्बोमिअरच्या जागी चौथ्या-पाचव्याचे गुण दिसतात. नकाशा सरकला, तशी ओळखही सरकली.

पश्चमेंदू
दोन्ही एकदम सरकले याचा अर्थ एकामुळे दुसरं झालं असा नाही. आम्ल भ्रूणातल्या इतर असंख्य गोष्टीही हलवतं. आणि पॅक्स६ हे होमिओबॉक्स जनुक विसरू नका. प्रमस्तिष्काच्या होणाऱ्या बाह्यकातही ते चालू असतं, मज्जारज्जूच्या पूर्वज पेशींतही, आणि दोन्हीकडे निघणाऱ्या चेतापेशी अगदी निराळ्या.

आरएनएवाला
पॅक्स६ एकटं बघितलंत म्हणून. मज्जारज्जूत त्याची एनकेएक्स२.२ या दुसऱ्या होमिओबॉक्स जनुकाशी सीमा लागते, दोघं एकमेकांना दाबतात. तुम्ही जोडीनं वाचा, मग वाद पॅक्स६पुरता तरी मिटेल. हॉक्स-ए१चा मात्र मिटत नाही. त्याला दिवसागणिक नकाशे आणि नॉकआउट (जनुक काढून टाकलेले उंदीर), दोन्ही लागतील.