मदत हवी आहे: 1:87 मधली बार्शीची गल्ली खोक्यांसारखी दिसतेय

नऊमिमी

नमस्कार मंडळी. गेलं दीड वर्ष गच्चीवरच्या खोलीत बार्शी लाइट रेल्वेच्या एका तुकड्याचं मॉडेल उभं करतोय, 1:87 मध्ये, म्हणजे खऱ्याच्या 87 पट लहान. रूळ, सांधे, वायरिंग झालं, गाडी न अडखळता फिरते. गाडं अडलंय ते घरांपाशी.

आधी थोडी माहिती. बार्शी लाइटचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, 2 फूट 6 इंच, म्हणजे 762 मिमी. त्याला 87 ने भागलं की 8.76 येतात, म्हणून 9 मिमीचे तयार रूळ जवळजवळ तंतोतंत बसतात. इंजिन मात्र ऑस्ट्रियातल्या 760 मिमीच्या लाइनीचं आहे, बार्शीचं मला तयार मिळालं नाही. जाणकारांनी तिकडे डोळेझाक करावी. काळ साधारण 1960. फळी 4 फूट बाय दीड फूट. मागे स्टेशनची कंपाउंड वॉल, पुढे पेठेतली एक काल्पनिक गल्ली आणि तिच्यात अकरा घरं.

घरं 2 मिमी माउंटबोर्डची (जाड पुठ्ठ्याची) केली. दारं-खिडक्या प्रिंट काढून चिकटवल्या, छपरांना लाल मंगलोरी कौलांचे छापील कागद लावले, भिंतींना ॲक्रिलिक रंग दिला. झालं काय, तर आठ दिवसांत निम्म्या भिंतींना पोट आलं. कोपऱ्यांवर बोर्डाची पांढरी कड दिसते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पूर्ण गल्ली लावून लेकीला बोलावलं, तर ती म्हणाली, "बाबा, हे बुटांचे खोके रंगवलेत का?"

तेव्हापासून डिटेलिंग वाढवतोय. पाट्या लावल्या, सायकली ठेवल्या, दुकानांना शटर केली, विजेचे खांब उभे केले. जितकं वाढवतोय तितकं ते जास्तच खेळण्यातलं दिसतंय. अजून काय घालू? खिडक्यांचे गज करायचे राहिलेत, ते केले तर फरक पडेल का? की सरळ लेझर कटिंगवाल्याकडून सगळं कापून घेऊ? फोटो जोडलेत.

---

रंगारी_पेठ

पोट येण्याचं कारण सोपं आहे. पाण्याचा गोंद आणि पाण्याचा रंग बोर्डाच्या एकाच अंगाला लागला की ते अंग आधी फुगतं, वाळताना आकसतं आणि बोर्ड वाकतो. रंगवण्याआधी दोन्ही बाजूंनी चपडीलाखेचा एक हात मारा, स्पिरिटमध्ये विरघळवून. लाखेला पाणी लागत नाही त्यामुळे बोर्ड हलत नाही. आतून दर 5-6 सेंमीवर आडव्या पट्ट्या टाका. पांढऱ्या कडांसाठी बोर्ड कापल्या कापल्या कडेवरून भिंतीच्याच रंगाचा ब्रश फिरवा, जोडल्यावर नाही.

आणि आतून काळा रंग द्या. पुढे एलईडी बसवाल तेव्हा भिंतीतून उजेड पाझरतो आणि अख्खं घर कंदिलासारखं दिसतं. अनुभवाचे बोल.

---

बारामतीचा_बोगदा

लेझर करून घ्याच. 2 मिमी एमडीएफवर विटासुद्धा कोरून देतात. खर्च फार नाही, फक्त ड्रॉइंग स्वतः करावं लागतं. कडा जळून तपकिरी होतात, त्या पॉलिश पेपरने घासायच्या.

---

नऊमिमी

@रंगारी_पेठ, लाख आजच आणतो. @बारामतीचा_बोगदा, लेझरचा मोह आहे, पण मग घरं सरळसोट कापलेली येतील. आत्ताच ती फार सरळ वाटतायत.

---

स्टुटगार्टचा_सदू

फोटो पाहिले. पहिला आक्षेप रंगावर. तुम्ही फळीपासून साधारण एक मीटरवर उभे राहून बघता. म्हणजे खऱ्या जगात 87 मीटरवरून बघता. इतक्या लांबून कुठलाच रंग डबीतल्यासारखा दिसत नाही, मधल्या हवेने तो फिका आणि धुरकट होतो. तुमचा निळा दरवाजा डबीतला निळा आहे. त्यात थोडा राखाडी, थोडा पांढरा घाला. काळा तर वापरूच नका, फार तर गडद राखाडी.

दुसरं, सगळ्या घरांना एकाच वेळी रंग लागल्यासारखा वाटतोय. गल्लीत एखाद्याने दिवाळीला चुना मारलेला असतो, शेजारच्याने चार वर्षांत मारलेला नसतो.

हॅम्बुर्गला मिनिआतुर वुंडरलांड हे मॉडेल रेल्वेचं मोठं प्रदर्शन 2001 पासून आहे, तेही 1:87 मध्येच. तिथे मी घरांपेक्षा घरांच्या पायांकडे जास्त वेळ बघत बसतो. घर जमिनीत रुतलेलं दिसतं, वर ठेवलेलं नाही. तुमच्या सगळ्या घरांखाली एक बारीक काळी फट आहे. बुटांचे खोके तिथूनच सुरू होतात.

---

वैरागचं_आजोळ

मला मॉडेलमधलं ओ की ठो कळत नाही, पण माझं आजोळ वैरागचं, बार्शी तालुक्यातलंच. म्हणून राहवलं नाही.

अहो, ही कौलं कुठून आणलीत? फोटो बघून मला वाटलं पुण्याची नाहीतर कोकणातली गल्ली आहे! आमच्याकडच्या जुन्या घरांना माळवद असायचं. सपाट छप्पर, खाली लाकडी तुळया, त्यावर किलचण, म्हणजे लाकडाच्या चिपांचा थर, आणि वर मातीचा जाड थर. पाऊस बेताचा म्हणून चालायचं. पाणी जायला भिंतीतून बाहेर आलेली पन्हळं. स्वयंपाकघरावर उजेडासाठी नि धूर जायला भोक ठेवलेलं असे, त्याला साणं म्हणायचे. त्यातून उन्हाचा कवडसा चुलीजवळ पडायचा आणि आजी त्यावरून वेळ सांगायची. उन्हाळ्यात माळवदावर कुरडया, सांडगे, मिरच्या, आणि रात्री सगळे झोपायला वरच.

सगळीच घरं तशी नव्हती, पत्र्याची होती, नंतर स्लॅबचीही आली. पण 1960 च्या गल्लीत एकही माळवद नाही हे काही पटत नाही. आणि दुकानांना शटर काय करताय? फळ्या असायच्या उभ्या, एकेक खाचेतून सरकवून काढायच्या. क्रम चुकला की शेवटची बसायची नाही, म्हणून त्यांवर आकडे घातलेले असत.

---

नऊमिमी

ताई, मी उडालोच. मी पुण्याच्या पेठांत वाढलो, डोळ्यांसमोर तेच होतं. बार्शीचे फोटो शोधले ते सगळे स्टेशनाचे आणि इंजिनांचे, घरं त्यात मागे धूसर. एव्हरार्ड कॅल्थ्रोपने 1897 ला लाइन सुरू केली इथपासून इंजिनाच्या धुऱ्यावर 5 टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही इथपर्यंत सगळं मला पाठ आहे. लाइन ज्या गावाला जात होती त्याचं छप्पर कसं होतं ते ठाऊक नाही. कठीण आहे.

मातीचा थर साधारण किती जाड असायचा?

---

वैरागचं_आजोळ

आईला विचारलं. म्हणाली फूट-दीड फूट तरी. दर वर्षी पावसाआधी वरून पांढरी माती टाकून चोपायचे, त्यामुळे वाढतच जायचा.

---

दगडमाती

उशिरा आलो. आयुष्य जुनी बांधकामं दुरुस्त करण्यात गेलं, आता निवृत्त. मॉडेल मी नातवासाठी करतो, तुमच्याइतकं नाही.

वरचे सगळे सल्ले बरोबर आहेत पण मूळ दुखणं कुणी सांगितलं नाही. तुमचं घर पातळ आहे. अशा घराची दगडमातीची भिंत सहज दोन फुटांची असते. 610 भागिले 87, म्हणजे 7 मिमी. तुमची 2 मिमीची, म्हणजे खऱ्यात सात इंचांची. त्यातही खिडकी बाहेरून चिकटवलेली. खऱ्या घरात चौकट भिंतीच्या आत बसते, तिच्यावर वरच्या दगडाची सावली पडते. लांबून आपण जुनं घर ओळखतो ते त्या सावलीवरून. तुमच्या खिडकीला सावलीच नाही. पाट्या आणि सायकली कितीही लावा, सपाट पृष्ठभागावर ते फक्त जास्तीचं सामान होतं. म्हणून जितकं घातलंत तितकं बिघडलं.

मी असं करतो. 5 मिमीचा फोम बोर्ड घ्यायचा, दोन्ही बाजूंना कागद असतो तो. बाहेरच्या बाजूचा कागद ओला करून सोलायचा. मागे तुमचाच 2 मिमी माउंटबोर्ड. झाले 7. उघड्या फोमवर शाई संपलेल्या बॉलपेनने दगड दाबून काढायचे, थरांची उंची 3 मिमीच्या आसपास, पण कुठे अडीच कुठे साडेतीन. उभे सांधे एकावर एक येऊ द्यायचे नाहीत, गवंडी त्याला सांधमोड म्हणतात. तो चुकला की भिंत बाथरूमच्या टाइल्ससारखी दिसते. कोपऱ्याला मोठे घडीव दगड घ्या, एक आड एक लांब-आखूड. कोपऱ्यावरच्या रेघा दोन्ही भिंतींवरून सलग वळल्या पाहिजेत, तुमची पांढऱ्या कडेची तक्रार तिथेच मिटते. सुपरग्लू आणि स्प्रेचा रंग या फोमला लावू नका, तो विरघळतो. पांढरा गोंद आणि ब्रश.

काळा दगड काळा रंगवू नका, हे सदूंनी सांगितलंच. आपला बेसाल्ट राखाडी, त्यात कुठे तपकिरी झाक. जमिनीपासून वीतभर मातीचा लाल-भुरा पट्टा, पावसाच्या शिंतोड्यांचा.

दारं बुटकी करा. तुम्ही 24 मिमीची केलीत, म्हणजे जवळजवळ सात फूट. अशा घरांत वाकून जावं लागे. 18 पुरे. तुमचा माणूस 19 मिमीचा आहे, त्याला वाकू दे.

आणि गल्ली मोजली. फोटोतल्या रुळांवरून 90 मिमी येते, म्हणजे पंचवीस फुटांच्या वर. जुन्या पेठेत? दोन टांगे शर्यत लावतील त्यात. बारा फूट म्हणजे 42 मिमी करा. पुढून बघताना गल्लीच्या आत नजर पोचली नाही पाहिजे, एक हलका बाक द्या. वाचलेल्या जागेत पुढच्या घरांना ओटे द्या. मागच्या रांगेतली घरं पूर्ण करूच नका, दर्शनी भिंत आणि वीस मिमी खोली बस.

---

रंगारी_पेठ

काकांना दंडवत. मी लाख सांगत बसलो आणि घर पातळ आहे हे दिसलंच नाही.

गजांचं राहिलं होतं. फ्लेक्सिबल वायर सोलली की आत केसासारख्या तारा असतात, एक तार साधारण 0.2 मिमीची. खरा गज 1:87 मध्ये त्याहून बारीक येईल, पण डोळ्याला चालतो. ताणून सरळ करा, चौकटीच्या मागून चिकटवा. सगळ्या खिडक्यांना नको, पुढच्या तीन घरांना. मागे कोण बघतंय.

---

स्टुटगार्टचा_सदू

फटीवर उपाय. जोतं जमिनीपेक्षा 3 मिमी खाली जाईल इतकं उंच करा आणि जमिनीत तेवढी खाच घ्या. मग वरून माती. खरीच वापरा, पण मलमलच्या फडक्यातून चाळून. तव्यावर भाजून घ्या, नाहीतर पावसाळ्यात त्यातून काहीतरी उगवतं. रुळांजवळ टाकायच्या आधी तिच्यातून लोहचुंबक फिरवा. आपल्या मातीत लोहकण असतात, ते इंजिनाच्या मोटरला जाऊन चिकटतात. पसरल्यावर पाणी घातलेला पांढरा गोंद ड्रॉपरने सोडा, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, म्हणजे तो मातीवर गोळा न होता आत मुरतो.

---

नऊमिमी (तीन आठवड्यांनी)

मंडळी, अकराच्या अकरा घरं काढून टाकली. लेकीने खोक्यांचा ताबा घेतला, तिच्या बाहुल्यांची सोसायटी झालीय.

सध्या एकच घर पूर्ण आहे. दोन खण, पुढे ओटा, 7 मिमीची भिंत, माळवद. काकांनी सांगितलेला सांधमोड पहिल्या भिंतीत चुकला, फेकून दुसरी केली. मातीचा थर 4 मिमीचा घेतला, कडेला हाताने दाबून जरा वेडावाकडा. पन्हळं टूथपिक अर्धी चिरून केली, 6 मिमी बाहेर. साणंही ठेवलंय, त्याच्या खाली आत एक पिवळा एलईडी. 12 व्होल्टवर आधी 1 किलोओहमचा रेझिस्टर लावला तर घरात लग्न असल्यासारखा उजेड पडला. 4.7 किलोओहम लावल्यावर कंदिलाइतका झाला. दुकानाच्या फळ्या आइस्क्रीमच्या काडीतून कापल्या. आकडे घालायचा प्रयत्न केला, जमला नाही.

रंग फक्त राखाडी, माती आणि एक फिका निळा. पाट्या अजून एकही नाही. फोटो जोडतोय. टेबललॅम्प तिरका ठेवून काढलाय, खिडकीची सावली बघा.

ताई, आता तुमच्यासाठी प्रश्न. घरामागे कडब्याची गंज हवी आहे. कशाची करू?

---

वैरागचं_आजोळ

फोटो आईला दाखवला. चष्मा लावून बघितला आणि म्हणाली, पन्हळं रस्त्याच्या बाजूला काढलीत, लोकांच्या डोक्यावर पाणी पडायचं, भांडणं व्हायची. एवढं म्हणून परत फोन मागून घेतला.

कडब्याचं मला सांगता येणार नाही, पण गंज सरळ उभी नसते हो, वर निमुळती होत जाते, पेंढ्या आतल्या बाजूला कललेल्या.

---

दगडमाती

काथ्या घ्या. ज्वारीचं ताट साधारण दोन मीटरचं, म्हणजे 23 मिमी कापा. वाळलेलं ताट बोटापेक्षा जरा जाड, ते 0.2 मिमीच्या आसपास येतं, काथ्याचा धागाही तेवढाच असतो. दहा-बारा धाग्यांची एक पेंढी, मध्ये शिवणाच्या दोऱ्याचा वेढा. पन्नास-साठ पेंढ्या लागतील. नातवाला बसवलंय मी कामाला, तुमची लेक आहेच.

खिडकीची सावली आली. आता दुसरं घर पहिल्याला टेकवून बांधा, मधली भिंत सामाईक. पेठेत दोन घरांमध्ये फट नसते.