दोष तरुणांचा की लेबलचा?
तरुण मुलं पर्यावरणाच्या गप्पा मारतात आणि खरेदी मात्र स्वस्त पॉलिएस्टरची करतात, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. मला हे अर्धंच पटतं. बरीच मुलं लेबल उलटून बघतात हो, पण त्यावरचा मजकूर कितपत खरा असतो?

‘बांबूचं कापड’च घ्या. बांबू झपाट्याने वाढतो हे खरं. पण बाजारातलं मऊसूत बांबू कापड बहुतेक वेळा व्हिस्कोस, म्हणजे रेयॉनचाच एक प्रकार असतं. बांबूच्या लगद्यावर कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करून त्याचा धागा काढतात. हे दुसरं रसायन कामगारांच्या मज्जासंस्थेला घातक आहे. अमेरिकेत अशा कपड्यावर नुसतं ‘बांबू’ न लिहिता ‘रेयॉन’ किंवा ‘बांबूपासून बनवलेलं रेयॉन’ असं लिहावं लागतं, आणि तो नियम मला अगदी योग्य वाटतो. लायोसेल (हाही लगद्यापासूनच, पण वेगळ्या पद्धतीने काढलेला धागा) त्यामानाने बरं, त्यात लगदा विरघळवणारं द्रावक जवळपास सगळं पुन्हा वापरलं जातं.

जवसाचं लिनन आणि हेम्प (भांगेच्या जातीचं झाड) यांचे तंतू थेट खोडाच्या सालीतून निघतात. पण लिनन चुरगळतं, नवं असताना किंचित टोचतं, आणि तरुण ग्राहक तिथेच अडतो. त्याच्या या तक्रारीला नाकं मुरडू नका, ती रास्त आहे. धुता धुता लिनन मऊ पडत जातं, हे विकणाऱ्यानेच आधी सांगायला हवं.