प्रतिसाद : माया हा निकष कसा?
‘कुत्रा जीव लावतो, डुक्कर लावत नाही, म्हणून एकाला पाळावं, दुसऱ्याला खावं’ हे म्हणणं मला अजिबात पटलं नाही. डुकराला नाव दिलं, तर हाक मारल्यावर तेही धावत येतं. जीव लावायची संधी आपणच देत नाही. कित्येक मोठ्या फार्मवर गाभण डुकरिणीला अंग वळवता येणार नाही एवढ्या लोखंडी पिंजऱ्यात ठेवतात, पिल्लांच्या शेपट्या भूल न देता छाटतात. कुत्रीला कुणी असं कोंडलं, तर आपण तुटून पडू! २०१२ च्या केंब्रिज जाहीरनाम्यात शास्त्रज्ञांनी सांगितलंय की जाणिवेसाठी लागणारी मेंदूतली यंत्रणा सगळ्या सस्तन प्राण्यांत आणि पक्ष्यांत असते. म्हणजे वेदना डुकरालाही जाणवते, मग कुणाला खावं याचा निकष मायेचा नाही, वेदनेचाच धरायला हवा.